शंकासमाधानाचे वाङ्मय : मराठवाड्यातील भूकंपविषयक प्रश्नांच्या अनुषंगाने

मराठीतील विज्ञानलेखनाची परंपरा जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दिग्दर्शन’ १८४० साली निघाले. पुण्याचे ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली सुरू झाले. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ सालची. या परंपरेचा परामर्श घेताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा निबंध, चरित्र आणि विज्ञानकथा यांकडे जाते. सामान्य माणसाने विचारलेल्या प्रश्नाला दिलेले दहावीस ओळींचे उत्तर, ज्यास शंकासमाधान म्हणण्याचा प्रघात आहे, ते मात्र किरकोळ लेखनात जमा होते. वास्तविक हा प्रकार निबंधाहून कठीण होय. निबंधकार आपला विषय आपण निवडतो. अवघड वाटणारी बाजू त्याला सोडून देता येते. समाधान करणाऱ्याला ही मुभा नाही. विषय दुसऱ्याचा, प्रसंग दुसऱ्याचा आणि पुष्कळदा भीतीही दुसऱ्याची. म्हणून अशा लेखनाचे परीक्षण करताना त्यातील माहिती बरोबर आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. जो प्रश्न विचारला गेला त्याचेच उत्तर दिले आहे काय, हे अगोदर पाहावे लागते. या कसोटीला मराठवाड्याच्या भूकंपासारखे दुसरे क्षेत्र नाही, कारण येथे उत्तर चुकले तर त्याची किंमत केवळ परीक्षेतील गुणांत मोजावी लागत नाही.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्याची महत्ता सुमारे ६.२ होती. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार माणसे त्यात दगावली. किल्लारीपासून हवाई अंतराने शंभर किलोमीटरांहून थोड्या अधिक अंतरावर असलेल्या देगलूरसारख्या गावांतही भूकंप हा तेव्हापासून पुस्तकातला विषय राहिला नाही. पुढे नांदेड शहरात २००६ नंतरच्या काही वर्षांत लहान लहान भूकंपांची मालिकाच अनुभवास आली. जमिनीतून आवाज येत आणि भांडी हलत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिचा अभ्यास केला. २०२४ साली २१ मार्च आणि १० जुलै या दोन दिवशी हिंगोली जिल्ह्यात ४.५ महत्तेचे भूकंप झाले व ते नांदेड जिल्ह्यातही जाणवले. अशा प्रत्येक प्रसंगी लोक जे विचारतात आणि त्यांना जे सांगितले जाते, त्या दोहोंमधील अंतर हाच येथे विचाराचा विषय आहे.

‘गूढ आवाज’ हा शब्दप्रयोग मराठवाड्यातील वृत्तपत्रांच्या वाचकाला चांगलाच परिचित आहे. आवाज ऐकलेला माणूस विचारतो, ‘जमीन हलली नाही, मग आवाज कसला?’ यावर ठराविक उत्तर येते, ते असे की नागरिकांनी घाबरून जाऊ नये व अफवांवर विश्वास ठेवू नये. हे वाक्य प्रशासनाच्या दृष्टीने आवश्यक असेल. समाधान म्हणून ते शून्य आहे. विचारणाऱ्याने अफवा सांगितलेली नाही, त्याने कानाने ऐकलेली गोष्ट सांगितली आहे. दुसऱ्या बाजूने अभ्यासू लेखक पुढे येतो तो भूपट्टांच्या हालचालींपासून आरंभ करतो आणि हिमालय कसा निर्माण झाला तेथपर्यंत जाऊन थांबतो. त्याचे प्रत्येक विधान खरे असते. आवाजाविषयी मात्र त्यात अवाक्षर नसते. पहिल्या उत्तरात प्रश्नाची उपेक्षा आहे, दुसऱ्यात प्रश्नाची अदलाबदल आहे, आणि समीक्षेच्या दृष्टीने दुसरा दोष अधिक गंभीर होय. कारण तो विद्वत्तेच्या आवरणाखाली लपतो.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर फार लांबचे नाही. उथळ आणि लहान भूकंपातून निघालेले प्राथमिक तरंग भूपृष्ठाशी पोचले की त्यांच्या कंपनाचा काही अंश हवेत उतरतो. ती कंपने मानवी कानाच्या टप्प्यातील असतील तर ध्वनी ऐकू येतो. जमिनीची हालचाल मात्र इतकी सूक्ष्म असू शकते की पायांना ती कळत नाही. कठीण खडकातून अशी जलद कंपने चांगली वाहून येतात. म्हणजे ऐकणाऱ्याचा अनुभव खरा, त्याने काढलेला ‘हे काही वेगळेच असावे’ हा निष्कर्ष तेवढा चुकीचा. विहिरीच्या वा खाणीच्या सुरुंगाचाही आवाज असाच येतो. त्या दोहोंतील भेद कानाला करता येईलच असे नाही, तो भूकंपमापकाच्या आलेखावरून करावा लागतो. एवढे सांगितले म्हणजे गूढ या विशेषणाचे काम संपते.

लोकांच्या गैरसमजुतीत बहुधा एक खरे निरीक्षण दडलेले असते. निरीक्षण सांभाळून निष्कर्ष तेवढा दुरुस्त करणे हे समाधानकाराचे खरे कौशल्य. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता देशभर पसरली, तेव्हा हा भेद स्पष्टपणे दिसून आला. चमच्यातील दूध कमी होत होते, हे लोकांनी पाहिलेले खोटे नव्हते. ‘पृष्ठताण’ हा शब्द उच्चारून ज्यांनी विषय संपवला त्यांनी एका मंत्राच्या जागी दुसरा मंत्र ठेवला, असे म्हणावे लागते. याउलट दिल्लीत शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून ते मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली ओघळताना दाखवले. तेथे पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवलेला नाही. त्या डोळ्यांना थोडे साहाय्य केले आहे.

भूकंपाच्या बाबतीत असे साहाय्य देगलूरच्या भूमीतच उपलब्ध आहे, ही गोष्ट आजवरच्या लेखनात जितकी यावी तितकी आलेली नाही. मराठवाड्यातील काळा खडक ज्वालामुखीच्या रसापासून बनला, हे विद्यार्थी शाळेत शिकतो. जमीन हादरली की त्याच ज्ञानाच्या आधारे तो विचारतो, ‘आता येथे पुन्हा ज्वालामुखी फुटेल काय?’ हा प्रश्न हास्यास्पद मानणे सोपे आहे, पण तो अज्ञानातून आलेला नाही. अर्ध्या ज्ञानातून आलेला आहे. त्याला वयाचा आकडा सांगावा, हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे असे म्हणावे, तरी त्याची कल्पना हलत नाही. परंतु देगलूर-बिलोली भागात काळ्या खडकाचे आच्छादन संपत जाते आणि त्याच्या खालचा, कितीतरी अधिक पुरातन असा ग्रॅनाइट उघडा पडतो. किल्लारीस भूकंपानंतर घेतलेल्या ६१७ मीटर खोल छिद्रात सुमारे ३३८ मीटरांपर्यंत काळा खडक, त्याखाली काही मीटर गाळाचा थर आणि नंतर याच जातीचा पुरातन खडक लागला. किल्लारीला जे पाहण्यासाठी यंत्र लावावे लागले, ते देगलूरच्या विद्यार्थ्याला गावाबाहेर चालत जाऊन पाहता येते. काळा खडक हे वर टाकलेले पांघरूण आहे, त्याला जन्म देणारी आग केव्हाच विझली आहे आणि भूकंपाचे कारण त्या पांघरुणाखालच्या जुन्या खडकावर येणाऱ्या ताणात शोधावयाचे आहे, हे त्यास तेथे उभे राहून समजावून देता येईल.

परिभाषेचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. देगलूर हे तेलंगणा व कर्नाटक यांच्या सीमेजवळचे गाव. बाजारात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू ऐकू येते. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता, आणि त्या राज्यातील उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. ‘जलजला’ हा शब्द येथील जुन्या पिढीला ‘भूकंपा’इतकाच जवळचा. अशा ठिकाणी ‘अपिकेंद्र’ आणि ‘भूकंपनाभी’ हे शब्द शास्त्रशुद्ध असूनही परकेच राहतात. वृत्तपत्रांनी त्यांऐवजी ‘केंद्रबिंदू’ रूढ केला तो समजण्यास सोपा, परंतु त्यात खोलीची कल्पनाच बुडाली. सर्वांत मोठा घोटाळा ‘रिश्टर’ या शब्दाने केला आहे. हादरा बसला की विचारले जाते, ‘देगलूरला किती रिश्टरचा बसला?’ प्रश्नातच गैरसमज आहे, आणि उत्तर देणारे तो दुरुस्त न करता आकडा सांगून मोकळे होतात. महत्ता ही भूकंपाची असते, गावाची नव्हे. हलगी वाजवणारा एका जोराने वाजवतो. अंगणात ती कानठळ्या बसवते, वेशीबाहेर पुसट ऐकू येते. वाजवण्याचा जोर ही महत्ता, आणि ज्या त्या ठिकाणी जाणवते ती तीव्रता. शिवाय महत्तेचा आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते, म्हणून ४.५ आणि ६.२ यांतील अंतर किरकोळ समजणे हा भ्रम आहे. दृष्टान्त परिपूर्ण नाही, पण तो विचारणाऱ्याच्या घरचा आहे.

येथपर्यंत लोकांच्या भ्रमांचा विचार झाला. विद्वानांच्या भ्रमाचा विचार केल्यावाचून हे परीक्षण एकांगी राहील. दख्खनचे पठार स्थिर आहे, हे विधान कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून निःशंकपणे केले जात होते. भूकंपप्रवणतेच्या अधिकृत नकाशात किल्लारीचा प्रदेश पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टाच पुढे २००२ साली रद्द झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानेही या समजुतीला पुरता धक्का दिला नाही, कारण त्याचे कारण धरणात सापडले आणि उरलेले पठार निर्दोष सुटले. ‘स्थिर’ याचा शास्त्रीय अर्थ ‘जेथे भूकंप क्वचित होतात असे’ एवढाच होता. सामान्य वाचकापर्यंत येताना त्याचा अर्थ ‘जेथे भूकंप होत नाहीत असे’ झाला. हा अर्थबदल सामान्यांनी केलेला नाही, तो समजावून देणाऱ्यांच्या हातून झाला.

१९९२ साली किल्लारी परिसरात लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. तेथील लोकांनाही तोच प्रश्न पडला असणार, जो पुढे नांदेडकरांना पडला : मोठा होईल काय? १९९२ चे धक्के ही पूर्वसूचना होती असे आज म्हणणे सोपे आहे. परंतु नांदेडच्या मालिकेनंतर तसा विनाश झाला नाही, आणि जगात अशा बहुसंख्य मालिका आपोआप शमतात. एकाच प्रश्नाला काळाने दोन ठिकाणी दोन भिन्न उत्तरे दिली. शास्त्राला मात्र दोन्ही ठिकाणी एकच उत्तर देता आले असते, ते म्हणजे भूकंपाचा दिवस आणि वेळ सांगण्याचे साधन नाही. असे उत्तर देण्याचा समाधानकारांना संकोच वाटतो, आणि त्या संकोचातून खोटा दिलासा जन्म घेतो. वास्तविक त्या उत्तराला एक दुसरा भाग आहे. किल्लारीत माणसे मेली ती मुख्यतः घरांच्या भिंती आणि वरची जड माळवदे कोसळून. दगडमातीच्या त्या रुंद भिंतींना दोन दर्शनी थर असत व मध्ये किरकोळ दगडगोट्यांची भर. दोन्ही थरांना एकत्र बांधणारे आरपार दगड नसल्यामुळे हादऱ्याबरोबर ते थर एकमेकांपासून सुटले. भूकंपाची तारीख कोणालाच ठाऊक नसते, पण भिंतीत आरपार दगड आहेत की नाहीत हे कोणत्याही दिवशी गवंड्याला विचारता येते. ‘मोठा होईल काय?’ या प्रश्नाला ‘ठाऊक नाही; पण आपल्या घराची भिंत कशी बांधली आहे?’ हे उत्तर १९९२ सालीही उपलब्ध होते.

विज्ञानवाङ्मयाच्या सूचींत लेखकांची नावे मिळतात, ग्रंथांची वर्षे मिळतात. विचारणाऱ्यांचे प्रश्न त्यांत नसतात. किल्लारीच्या ओट्यांवर १९९२ च्या त्या महिन्यांत लोक नेमके काय विचारीत होते, कोणत्या शब्दांत विचारीत होते आणि त्यांना कोणी काय सांगितले, हे ऐकलेली माणसे अद्याप लातूर-नांदेडकडे हयात आहेत.