‘हातातील’ या शब्दाची मर्यादा : वाहन चालविताना मोबाईल वापरण्याविषयीच्या कायद्याची चिकित्सा

प्रस्तावना :
मोटार वाहन अधिनियम १९८८ चा. भारतात मोबाईल सेवा सुरू झाली १९९५ मध्ये. मूळ अधिनियमात या साधनाचा उल्लेख नसणे त्यामुळे स्वाभाविक होते. या उणिवेचा परिणाम पुढे न्यायालयातही दिसला. वाहन चालविताना केवळ फोनवर बोलणे हे केरळ पोलीस कायद्याच्या कलम ११८ (ई) खाली सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आणणारे कृत्य ठरत नाही, असा निर्णय केरळ उच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमाच्या कलम १८४ ला स्पष्टीकरण जोडले आणि ‘हातातील संपर्क साधनांचा वापर’ हा धोकादायक वाहनचालनाचा प्रकार ठरविला. ही दुरुस्ती स्वागतार्ह आहे. तथापि तिने निवडलेला शब्द व शिक्षेची रचना या दोहोंची चिकित्सा करणे आवश्यक आहे.

हात की अवधान? :
रेडेलमायर व टिबशिरानी यांच्या १९९७ मधील अभ्यासात फोनवर बोलत असताना अपघाताची जोखीम सुमारे चौपट आढळली. हात मोकळे ठेवणाऱ्या साधनामुळेही ती कमी झाल्याचे दिसले नाही. याचा अर्थ, धोक्याचे मूळ हातापेक्षा अवधानात अधिक आहे. आपला कायदा मात्र हाताकडे पाहतो. हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलणाऱ्या दुचाकीस्वाराचे दोन्ही हात हँडलवर असतात. त्याचे साधन ‘हातातील’ म्हणावे काय? २०२० च्या नियम-दुरुस्तीने मार्गदर्शनासाठी साधन वापरण्यास मुभा दिली. चालकाची एकाग्रता भंगू नये, ही तिची अट. येथे कायद्याने अवधानाचे तत्त्व मान्य केले खरे, पण ते केवळ अपवादापुरतेच.

‘हात’ पोलिसाला दिसतो, अवधान दिसत नाही. म्हणून सिद्धतेच्या सोयीसाठी हा शब्द निवडला, असे समर्थन करता येईल. ते अगदीच गैरलागू नाही. परंतु शब्द अपुरा असल्यास सिद्धताही डळमळते. इंग्लंडमध्ये फोनवर अपघाताचे चित्रीकरण करणारा चालक २०१९ मध्ये दोषमुक्त ठरला, कारण तेथील तरतूद संवादापुरती मर्यादित असल्याचे उच्च न्यायालयाने मानले. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनने तरतूद व्यापक केली.

शिक्षेतील विसंगती :
कलम १८४ खाली पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कारावास, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र कलम २०० नुसार याच कलमातील केवळ मोबाईल वापराचा गुन्हा तडजोड शुल्क भरून मिटविता येतो. सिग्नल तोडणे किंवा विरुद्ध दिशेने वाहन चालविणे यांना ही सवलत नाही. एका कलमाने कृत्य धोकादायक ठरवावयाचे आणि दुसऱ्याने त्याची किंमत ठरवावयाची, ही विसंगती आहे. ज्याला शुल्क परवडते त्याच्यासाठी ते शिक्षा न राहता भाडे बनते.

सर्व भार चालकावर :
घरपोच सेवा देणाऱ्या तरुणांचा विचार येथे अपरिहार्य आहे. नवी ऑर्डर, पत्ता, ग्राहकाचा फोन हे सर्व त्यांच्याकडे रस्त्यावरच येते. फोन पाहणे हा त्यांच्या कामाचाच भाग असतो. तरीही कलम १८४ चालकाकडेच बोट दाखविते. काम देणाऱ्या व्यवस्थेविषयी ते मौन बाळगते.

निष्कर्ष :
भारतात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अतिवेग हे त्याचे प्रमुख नोंदविलेले कारण होय. ढळलेले अवधान अपघातानंतर सिद्ध करणे कठीण असल्याने ते नोंदीत कमी उतरण्याची शक्यता आहे. म्हणून ‘हातातील’ या विशेषणाऐवजी अवधान विचलित करणाऱ्या वापराची व्याख्या करणे, तडजोडीची सवलत पहिल्या गुन्ह्यापुरती ठेवणे आणि चालत्या वाहनावर संदेश न पाठविण्याचे बंधन काम देणाऱ्यावर घालणे, या तीन सुधारणा आवश्यक वाटतात. त्यांच्या अभावी हा कायदा हात पकडील. धोका मात्र सुटून जाईल.