भावी आईबापांच्या हाती कोणते पुस्तक?

साहित्यविषयक नियतकालिकांत कथासंग्रहांची परीक्षणे येतात, कवितेवर वाद झडतात, चरित्रग्रंथांच्या प्रस्तावनांचीही दखल घेतली जाते. परंतु घरातील तरुण सून रात्री दोन वाजता दिव्याखाली धडधडत्या काळजाने ज्या पुस्तकाची पाने उलटते, त्याच्याकडे समीक्षकाची नजर सहसा वळत नाही. गरोदरपणाचे मार्गदर्शन करणारे पुस्तक हा आपल्याकडे वाङ्मयप्रकार मानलाच जात नाही. ती भेट देण्याची वस्तू समजली जाते. वास्तविक हे पुस्तक जितक्या विश्वासाने वाचले जाते, तितक्या विश्वासाने कोणी कादंबरी वाचत नाही. त्यातील एका चुकीच्या वाक्याची किंमतही फार मोठी असते.

हा विषय आमच्यापुढे आला तो आमच्या धर्मग्रामातील एका जोडप्यामुळे. पहिलटकरणीच्या त्या घरात बघता बघता चार पुस्तके जमली होती. आखातात नोकरीला असलेल्या दिराने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पाठविले होते. परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या मावशीने आपल्या कपाटातील, तपकिरी कागदाचे वेष्टन घातलेले डॉ. स्पॉक काढून दिले होते. नवऱ्याच्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी गर्भसंस्कारावरचे एक देखणे मराठी पुस्तक भेट दिले होते. चौथे पुस्तक ते दोघे पुस्तकांत मोजतच नव्हते. ते होते आरोग्य केंद्रातून मिळालेले माता-बाल संरक्षण कार्ड. "यांतले कोणते वाचावे, ते तुम्हीच सांगा," असे म्हणून त्यांनी चारही आमच्या स्वाधीन केली. आम्ही ती वाचली. आम्ही डॉक्टर नव्हे, वाचक आहोत. पुढील मते वाचकाची आहेत.

प्रथम डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्याविषयी. १९४६ साली अमेरिकेत निघालेल्या त्यांच्या बालसंगोपनाच्या पुस्तकाने आईबापांना धाक घालण्याऐवजी धीर दिला. त्यापूर्वीची अनेक पुस्तके मुलाला घड्याळाच्या काट्यावर दूध पाजा, फार कुरवाळू नका, असे दरडावत असत. स्पॉक यांनी आईच्या स्वाभाविक समजुतीवर भरवसा ठेवला. त्यांची भाषा आजही गोड वाटते. शेजारचा वडीलधारा डॉक्टर ओट्यावर बसून बोलतो आहे असा भास होतो. आणि नेमकी हीच गोष्ट धोक्याची आहे! कारण १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून याच पुस्तकाच्या आवृत्त्यांत तान्ह्या मुलाला पालथे झोपवावे, म्हणजे उलटी झाली तरी ती घशात अडकणार नाही, असा सल्ला छापला जात होता. युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. पुढे संशोधनातून दिसून आले की पालथे झोपविलेल्या अर्भकांत झोपेतील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण अधिक असते. १९९२ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने हा सल्ला फिरविला, १९९४ पासून मूल उताणे झोपविण्याची मोहीमच तेथे सुरू झाली आणि अशा मृत्यूंचे प्रमाण पुढील काही वर्षांत निम्म्यावर आले. नंतरच्या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली हे खरे. परंतु मावशीच्या कपाटातील प्रत आपोआप दुरुस्त होत नसते. लेखक सज्जन होता, हेतू निर्मळ होता, शैली उत्तम होती, आणि तरीही सल्ला घातक होता. म्हणून असे पुस्तक हाती आले की आम्ही आता मुखपृष्ठाआधी आवृत्तीचे साल पाहतो. प्रेमाने जपलेले जुने पुस्तक प्रेमानेच कपाटात ठेवावे.

आईच्या दुधाच्या बाबतीतही हेच. पूर्वी चार महिन्यांनंतर फळांचा रस, पेज वगैरे सुरू करण्यास मुभा देत असत. २००१ पासून जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, पाणीही नको, असे सांगते. पहिल्या दिवसांचा पिवळसर चीक काढून टाकण्याची चाल आपल्याकडे कित्येक घरांत होती. वस्तुतः बाळाला रोगांपासून संरक्षण देणारे घटक त्यातच भरपूर असतात. पुस्तक या दोन गोष्टींविषयी काय म्हणते ते दुकानात उभ्याउभ्याच पाहता येते. त्याबरोबर ते कोणाच्या पैशाने छापले आहे, तेही पाहावे. बाळाच्या डब्यातील दुधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आली, पण त्याआधी फुकट वाटलेल्या गुळगुळीत पुस्तिका अजून काही घरांत आहेत. त्यांतला उपदेश कोणत्या दिशेला झुकलेला असणार, हे सांगायला नको.

दिराने पाठविलेले इंग्रजी पुस्तक म्हणजे 'व्हॉट टू एक्स्पेक्ट व्हेन यू आर एक्स्पेक्टिंग'. आर्लीन आयझेनबर्ग व त्यांच्या दोन कन्या हायडी मर्कॉफ आणि सँडी हॅथवे यांनी १९८४ मध्ये ते प्रसिद्ध केले. मांडणी महिन्यागणिक, प्रश्नोत्तरांची. वाचणारीला ज्या महिन्यात जी शंका येते, ती त्या महिन्याच्या प्रकरणात भेटते, हा त्याचा मोठा गुण. पण शंका एकामागून एक येतच राहतात. आमच्या त्या सुनेने आम्हांला सांगितले, "पुस्तक उघडेपर्यंत मला तीन काळज्या होत्या, मिटेपर्यंत वीस झाल्या." अमेरिकेतील वाचकांनीही या पुस्तकाविषयी अशीच तक्रार केली आहे, आणि आरंभीच्या आवृत्त्यांतील काटेकोर आहारनियम पुढे सौम्य करण्यात आले. शिवाय तो आहार परक्या स्वयंपाकघरातला. वसईच्या किनाऱ्यावरील बाईला तिने मासळी खावी की नाही, हे हवे असते. मोठ्या शिकारी माशांच्या अंगात पारा साठतो म्हणून मुशी टाळावी, पण मांदेली, बोंबील नीट शिजवून खाण्यास हरकत नाही, एवढे साधे वाक्य त्या जाड ग्रंथात तिला सापडले नाही. सापडणार तरी कसे?

आता गर्भसंस्कार. या नावाची पुस्तके मराठीत अनेक आहेत आणि त्यांचा खप मोठा आहे. गरोदर स्त्रीने प्रसन्न असावे, घरातल्यांनी तिला जपावे, तिच्याशी चढ्या आवाजात बोलू नये, हा त्यांतला आग्रह आम्हांला मनापासून आवडतो. पोटातील बाळाला साधारणतः सहाव्या महिन्याच्या सुमारास आवाज ऐकू येऊ लागतात, हेही खरे; आईने गाणे म्हणावे, स्तोत्र म्हणावे, बाळाशी बोलावे. परंतु अशा पुस्तकांतून पुढे जे सुचविले जाते त्याला आमचा आक्षेप आहे. अमुक ऐकले म्हणजे मूल बुद्धिमान, तमुक खाल्ले म्हणजे गोरे. या वाक्याची उलटी बाजू कोणी छापत नाही, पण ती प्रत्येक आई वाचते: मूल तसे झाले नाही, तर माझेच काही चुकले.

जन्मतः टाळूला छिद्र असलेल्या बाळाच्या आईला आम्ही ओळखतो. बाळाचे पुढे शस्त्रक्रियेने छान झाले. पण ती माउली कित्येक महिने आठवत बसली होती, ग्रहणाच्या दिवशी आपण विळीला हात लावला होता का. तिला कोणत्याही पुस्तकाने एवढे सांगितले नव्हते की ग्रहणाचा आणि टाळूचा काही संबंध नाही. जे पुस्तक आईला असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, त्याची छपाई कितीही सुबक असो, ते आम्ही कोणाला भेट देणार नाही. आणि मुलगाच व्हावा म्हणून आहार, दिवस वा नाकपुडी सुचविणारे पान आढळले, तर पुस्तक तेथेच मिटावे. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजातून ठरते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला. तरी तो मोह पुस्तकांच्या कोपऱ्यांतून डोकावतो.

या सर्व पुस्तकांविषयी आमची आणखी एक तक्रार आहे: ती वाचकाच्या हाती उशिरा पडतात. बाळाच्या पाठीच्या कण्याची व मेंदूची नलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळ स्त्रियांना दिवस गेल्याची खात्रीही झालेली नसते. फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाने ही व्यंगे बऱ्याच अंशी टळतात, हे १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीने सिद्ध केले. आधी असे मूल झालेल्या मातांत पुनरावृत्तीचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले होते. म्हणजे रोजची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मूल हवे असे ठरविल्यापासूनच घ्यावयाची असते, आणि आधी असे मूल झाले असेल तर डॉक्टर मात्रा वाढवून देतात. हे प्रकरण आहेराच्या वेळी वाचून काय उपयोग? ते विवाहपूर्व शिबिरात वाचले गेले पाहिजे.

भाषेचा मुद्दा आमच्या जिव्हाळ्याचा, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. मराठी मार्गदर्शक पुस्तके बहुधा इंग्रजीवरून बेतलेली असतात, आणि बेतणारा विद्वान संस्कृत कोश उघडून बसतो. 'गर्भावरणाचे विदारण' असे छापलेले आम्ही वाचले. आपल्या आयाबाया शतकानुशतके 'पाणमोट फुटली' म्हणतात. कळा, वार, नाळ, चीक, दिवस भरणे, अंगावर जाणे ही शब्दसंपदा काय गावंढळ म्हणून टाकावयाची? ज्या रात्री पाणी गेले, त्या रात्री बाई घाबरून पुस्तक उघडते आणि तिला स्वतःच्या देहाचे नावही त्यात सापडत नाही. आमच्या मते ही शैलीची चूक नव्हे, ती हयगय आहे.

वडिलांविषयीही तेच. स्पॉक यांच्या जुन्या आवृत्त्या जणू केवळ आईशीच बोलत होत्या. १९७६ च्या आवृत्तीत त्यांनी ही दृष्टी बदलली. मराठी पुस्तकांत अजूनही बापाच्या वाट्याला एखादे हलकेफुलके पान येते: पत्नीचे डोहाळे पुरवा. मध्यरात्री वाहन कोठून आणावयाचे, रक्तगट जुळणारे दोघे कोण, सासूबाईंना विश्रांतीचे महत्त्व कसे पटवावयाचे, हे त्याला कोण शिकविणार? आणि गर्भ राहिला नाही तर? पहिल्या तीन महिन्यांत गर्भपात होणे विरळ नाही, आणि बहुतेक वेळा त्यात आईच्या वागण्याचा दोष नसतो. चारांपैकी केवळ इंग्रजी पुस्तकाने या दुःखाला स्वतंत्र जागा दिली आहे. त्यासाठी आम्ही त्याचे इतर दोष माफ करतो.

राहिले ते कार्ड. आम्ही ते सर्वांत शेवटी उघडले, कारण आम्हीही त्याला पुस्तक मानत नव्हतो. कागद साधा, चित्रे शाळेच्या तक्त्यासारखी. पण रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखी, ताप, कळांशिवाय पाणमोट फुटणे ही धोक्याची चिन्हे त्यात अशी काढली आहेत की अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळावीत. लोहाच्या गोळ्या, लसी, वजन, तपासण्यांच्या तारखा, सारे एका जागी. चेहऱ्यावर सूज, डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी, ही रक्तदाब चढल्याची खूण असू शकते, हे इंग्रजी ग्रंथातही आहे, परंतु तेथे ते बारीकसारीक दुखण्यांच्या गर्दीत हरवते. पुस्तक मिटून इस्पितळ गाठावयाचे केव्हा, हे येथे मात्र एका दृष्टिक्षेपात कळते. उणीव आहे ती मनाची. भीती, एकटेपणा, रडू, यांविषयी त्यात फारसे काही नाही; ते एखाद्या समजूतदार मराठी लेखिकेने अजून लिहावयाचे आहे, आणि आमचे हे त्रैमासिक तिला पाने द्यावयास तयार आहे.

चारही पुस्तके आम्ही परत नेऊन दिली. स्पॉक मावशीकडे गेले. गर्भसंस्काराच्या पुस्तकातील चार पाने आम्ही पेन्सिलीने खुणावून ठेवली, बाकीची सोडून द्या म्हणालो. इंग्रजी पुस्तक नवऱ्याने वाचावे आणि बायकोला केवळ विचारल्यावर सांगावे, असे ठरले; ही कल्पना तिचीच. कार्ड तिने स्वयंपाकघरात कॅलेंडरशेजारी खिळ्याला अडकविले, आणि त्याच्या मागे नवऱ्याने १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक व शेजारच्या रिक्षावाल्याचा क्रमांक ठळक अक्षरांत लिहिला.