चेहरा वाचणाऱ्याची परीक्षा

आमच्या बेळगावात दुकानाची पायरी चढताना माणूस आधी गल्ल्यावर बसलेल्याचा चेहरा पाहतो आणि मग मराठीत बोलायचे की कन्नडमध्ये, ते ठरवतो. कपाळावरचे गंध, डोक्यावरची टोपी, हसण्याची तऱ्हा यांवरून हा निवाडा क्षणात होतो. बहुधा तो बरोबर ठरतो. पण एकदा गणपत गल्लीत एका कापडवाल्याशी मी चांगली अर्धा तास कन्नडमध्ये घासाघीस केली, आणि पावती करताना त्याने आतल्या पोराला अस्सल मराठीत हाक मारली. दोघेही ओशाळलो. चेहरा वाचण्यात आपण तरबेज आहोत हा माझा समज तेव्हा पहिल्यांदा डळमळला. दुसऱ्यांदा तो डळमळला भाच्याच्या संगणकासमोर. त्याचीच ही हकिकत.

व्हिडिओ गेम म्हटले की आमच्या पिढीच्या कपाळाला आठी पडते. मीही त्यातलाच. पण भाच्याच्या शेजारी बसून पाहू लागलो तेव्हा ध्यानात आले की नाटकवाल्यांना पडलेलाच प्रश्न या मंडळींनाही पडला आहे: पात्राचा स्वभाव प्रेक्षकाला दिसावा कसा? भरताने अभिनयाचे चार प्रकार सांगितले. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेश आणि रंगभूषा हे आहार्य. मनातला भाव घाम, कंप, अश्रू यांच्या रूपाने शरीरावर आपसूक उमटतो तो सात्त्विक. या खेळांचा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा प्रवास मला आहार्याकडून सात्त्विकाकडे निघालेला दिसतो. तो मुक्कामाला पोचला का, हा खरा प्रश्न.

आरंभ अर्थातच मारिओपासून. 1981 साली निन्टेन्डो कंपनीच्या 'डाँकी काँग' या खेळात शिगेरू मियामोतो यांनी हा बुटका सुतार उभा केला. (नळ दुरुस्त करण्याचा धंदा त्याने पुढे पत्करला.) त्याला घडवायला हाताशी होते मूठभर रंगीत ठिपके. एवढ्या जागेत तोंड काढता येईना, म्हणून मोठे नाक आणि खाली मिशी. केस हलताना दाखवणे अवघड, म्हणून टोपी. हात अंगात मिसळून जाऊ नयेत, म्हणून वेगळ्या रंगाचा पट्ट्यांचा पायघोळ कामगारी पोशाख. एकही गोष्ट स्वभाव दाखवण्यासाठी केलेली नाही. सगळी अडचणीतून काढलेली वाट. तरी परिणाम पाहा. हा कष्टकरी आहे, साधा आहे, पडला तरी उठणारा आहे, हे जगभरच्या पोरांनी न सांगता ओळखले. दशावतारात संकासुराचा काळा बुरखा आणि लोंबती लाल जीभ दिसली की पुढचे आपल्याला कळते, त्यातलाच हा प्रकार. शुद्ध आहार्य.

पुढची पायरी 1993 सालच्या 'डूम'ची. त्यात नायकाच्या डोळ्यांतून आपण पाहतो, म्हणून नायक दिसत नाही. पण पडद्याच्या तळाशी मधोमध त्याचा चेहरा असतो. मार बसला की तो त्या बाजूला नजर टाकतो, नवे शस्त्र सापडले की दात काढून हसतो, प्रकृती ढासळेल तसतसा रक्ताने माखत जातो. आकडा शेजारीच असतो. पण भाचा आकड्याकडे पाहत नाही, चेहऱ्याकडे पाहतो. ते दात काढून हसणे मात्र मला महत्त्वाचे वाटते. जखमेतून प्रकृती कळते. नवी बंदूक पाहून होणाऱ्या आनंदातून स्वभाव कळतो.

आणि मग आला 2011 सालचा 'एल. ए. न्वार'. काळ 1947चा, शहर लॉस एंजेलिस, नायक गुप्त पोलीस कोल फेल्प्स. येथे खऱ्या नटांना बसवून बत्तीस कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे टिपले. गालावरची सुरकुती सुटली नाही की ओठाचा थरथराट. खेळाची मुख्य गंमत जबानीची: समोरच्याचा चेहरा पाहायचा आणि तो खरे बोलतो, काही लपवतो की धडधडीत खोटे बोलतो, ते ठरवायचे. सात्त्विक अभिनय हाती आला असे वाटावे, इतकी तयारी. पण चार-सहा जबान्यांतच माझा विरस झाला. खोटे बोलणारा नजर चुकवतो, आवंढा गिळतो, ओठ चावतो. सगळे इतके ठळक की पोरसवदा खेळाडूलाही चुकू नये. शिवाय चेहरा एका वेळी टिपलेला आणि अंग दुसऱ्या वेळी, त्यामुळे मानेवर चेहरा तळमळतो आणि खांदे स्वस्थ असतात. तपशील वाढला, माणूस वाढला नाही. सात्त्विकाचे मर्म हे की तो भाव दाखवायचा नसतो, तो फुटून बाहेर येतो. इथे तो खेळाडूसाठी खुणेसारखा मांडून ठेवला आहे.

याच्या अगदी उलट टोकाला 2013 सालचा 'पेपर्स, प्लीज'. ल्यूकस पोप या एकट्या माणसाने केलेला. अर्स्टोट्झ्का या काल्पनिक देशाच्या सीमेवरचा नाका, साल 1982, आणि आपण तिथले तपासनीस. खिडकीत माणसे येतात: मळकट रंगांचे, ओबडधोबड ठिपक्यांचे, जवळजवळ न हलणारे चेहरे. छायाचित्राशी तोंड जुळते का, तारीख उलटली का, शिक्का खरा का, एवढेच पाहायचे. वेळ थोडा, चुकांची सुरुवातीला ताकीद, मग दंड, आणि घरी बायको, मुलगा, सासू, काका यांच्या जेवणाची, औषधाची चिंता.

त्यात योर्जी नावाचा एक म्हातारा येतो. पहिल्यांदा पारपत्राशिवाय, मग हाताने रंगवलेले पारपत्र घेऊन, अस्तित्वात नसलेल्या देशाचे! परत पाठवले तरी तोच हसरा चेहरा. पुढे पकडला गेला तरी तोच. न बदलणाऱ्या चेहऱ्यानेच त्याचा स्वभाव उभा केला आहे. बाकी सारे दबलेले असताना हा एकटा दबत नाही, हे बत्तीस कॅमेऱ्यांवाचून कळते.

मग एक नवरा आला. त्याचे कागद चोख होते. मागून बायको येते आहे, तिला सांभाळून घ्या, म्हणाला. ती आली. तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नव्हता. परत गेले तर मला मारतील, असे तिने विनवले. मी लाल शिक्का मारला आणि 'पुढचा' म्हणालो. भाचा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामा, तिच्या तोंडाकडं बघितलासा तरी काय?"

बघितले नव्हते. मी कागदाचे रकाने तपासत होतो. चेहऱ्यांवर लेख लिहायला निघालेला मी, ज्या एका चेहऱ्याकडे पाहायला हवे होते, त्याच्याकडे पाहायचे विसरलो. आणि गंमत अशी की, या खेळात तपासनिसाचा चेहरा खिडकीत कुठेच दिसत नाही. त्या जागी आपण असतो. बाकीच्या खेळांनी मला पात्रांचे स्वभाव दाखवले. या खेळाने माझा दाखवला.

म्हणून मला 'एल. ए. न्वार'पेक्षा हा खेळ मोठा वाटतो. पात्राचा चेहरा किती बारकाईने काढला, यावर त्याची थोरवी ठरत नाही. तो पाहणाऱ्याकडून काय मागतो, यावर ठरते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना, ज्यांच्या घरात भाषेचे, शाळेचे, गावाच्या नावाचे कागद पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेले आहेत, हे अधिक जवळून कळावे. भाच्याने दुसऱ्या दिवशी खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडून दिला. ती बाई परत आली. या वेळी मी हिरवा शिक्का मारला. ताकीद आली ती आली.