एफ-शार्पमधील ‘फ्लुएंट व्हॅलिडेशन’ : एक परीक्षण

एखादी लायब्ररी परक्या भाषेत चालते, एवढ्यावरून ती तेथे शोभते असे ठरत नाही. ‘फ्लुएंट व्हॅलिडेशन’ ही पडताळणीची लायब्ररी सी-शार्पच्या वस्तुकेंद्री वळणाने रचलेली आहे. एफ-शार्प ही एमएलच्या कुळातील फंक्शनप्रधान भाषा. दोहोंचे अधिष्ठान डॉटनेट हेच असल्यामुळे पहिलीचा दुसरीत वापर करता येतो. तो कितपत करावा, हा प्रश्न आहे.

उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील घेऊ. शेतकऱ्याच्या अनुदान-अर्जात तालुका आणि क्षेत्र असे दोन रकाने आहेत असे समजा. लायब्ररीच्या रीतीने एक क्लास तिच्या मूळ क्लासपासून वारशाने घ्यावयाचा आणि त्यात नियमांच्या साखळ्या गुंफावयाच्या : तालुका रिकामा नसावा, क्षेत्र शून्याहून अधिक असावे. एफ-शार्पमध्ये प्रत्येक साखळीच्या शेवटी ‘इग्नोर’ लिहून तिचे मूल्य टाकून द्यावे लागते. एरवी कंपायलर इशारा देतो. हे खटकते खरे, पण हा दोष वरवरचा होय. त्यापायी कोणी लायब्ररी टाकू नये.

खरा दोष निराळा. पडताळणीचा निकाल एका स्वतंत्र वस्तूत हाती येतो. अर्ज मात्र होता तसाच राहतो. तपासलेल्या आणि न तपासलेल्या अर्जाचा टाइप एकच. मग पुढील फंक्शनाने विश्वास कशावर ठेवावा? नुसते तपासू नका, तपासाचे फळ टाइपात साठवा, हा अलेक्सिस किंग यांनी २०१९ मध्ये धरलेला आग्रह येथे तंतोतंत लागू पडतो. जिल्ह्याचे तालुके १४. तेवढ्याच पर्यायांचा युनियन टाइप केला, की पंधरावा तालुका आज्ञावलीच्या आत संभवतच नाही. क्षेत्राचे उदाहरण याहून बोलके आहे. २ एकर हे २ हेक्टर समजले गेले, तर क्षेत्र जवळजवळ अडीचपट होते. ‘शून्याहून अधिक’ हा नियम मात्र दोन्हींस मान्यता देतो. एफ-शार्प एककेही टाइपात धरते. अर्थात कागदावरील आकडा एकरांचा की हेक्टरांचा, हे टाइप सांगणार नाही. पण आत घेताना एकदा सांगितले, की पुढे सरमिसळ होऊ देणार नाही. कंपायलरचे काम आटोपताच ही एकके पुसली जातात, आणि आज्ञावली चालू असताना काम करणाऱ्या लायब्ररीस उरतो तो नुसता आकडा.

तथापि लायब्ररीच्या पारड्यात एक मोठी गोष्ट पडते : ती सर्व चुका एकदम सांगते. ‘रिझल्ट’ टाइपाची नेहमीची साखळी पहिल्याच चुकीपाशी थांबते. अर्जदाराने तालुका दुरुस्त करून यावे आणि क्षेत्राची चूक त्याला तेव्हा कळावी, असे दोन हेलपाटे पडतात. २०२० च्या एफ-शार्प ५ मध्ये स्वतंत्र तपासण्या एकत्र जोडण्याची सोय झाली. तिच्यामागील बिल्डर मात्र स्वतः रचावा लागतो, किंवा दुसऱ्या लायब्ररीतून आणावा लागतो.

तेव्हा आमचे मत असे, की ही लायब्ररी उंबरठ्यावर, कच्च्या अर्जापुरती, खुशाल ठेवावी. आत जाणारा अर्ज निराळ्या टाइपात ओतूनच जावा. त्या ओतण्यात काही तपासण्या पुन्हा लिहाव्या लागतात, आणि ही द्विरुक्ती टाळण्याच्या मोहापायी तो टाइप लिहावयाचा राहून जातो.