‘सफेदपोश’ आणि ‘पांढरपेशा’ : असगरीपासून कुब्रापर्यंत

मध्यमवर्गीयासाठी उर्दूत ‘सफेदपोश’ हा जुना शब्द आहे. मराठीत त्याच्या जवळचा शब्द ‘पांढरपेशा’. पांढरा रंग दोन्हीकडे समान. परंतु ‘पोश’ म्हणजे परिधान करणारा आणि ‘पेशा’ म्हणजे व्यवसाय. उर्दू शब्द माणसाच्या कपड्याकडे पाहतो, तर मराठी शब्द त्याच्या कामाकडे. मध्यमवर्गीयपण नेमके कशावर ठरते, हा प्रश्न उर्दूतील दोन कलाकृती शेजारी ठेवल्या असता अधिक स्पष्ट होतो.

नझीर अहमद यांच्या ‘मिरातुल उरूस’ (१८६९) या कादंबरीला तत्कालीन सरकारने एक हजार रुपयांचे पारितोषिक दिले होते. तिच्यातील अकबरी फूहड आणि हट्टी, तर धाकटी असगरी सुगृहिणी. असगरी हिशेब तपासते, बाजारच्या उधारीत घराला बुडविणाऱ्या मामा अजमतची लबाडी उघड करते, घरातच मुलींना शिकविते. शिक्षण, काटकसर आणि शिस्त असली की घर सावरते, असा लेखकाचा विश्वास आहे. आपल्या समाजातील अनेक पिढ्यांनी तो जसाच्या तसा स्वीकारला. मात्र असगरीचे वडील तहसीलदार आहेत आणि सासरे लाहोरला नोकरीस आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. तिच्या गुणांना दरमहा येणाऱ्या पैशाचा आधार आहे.

इस्मत चुगताई (१९१५–१९९१) यांची ‘चौथी का जोडा’ ही कथा हा आधारच काढून घेते. घरातला कर्ता पुरुष गेलेला. कापड बेतण्यात आईचा हात धरणारे मोहल्ल्यात कोणी नाही. थोरली कुब्रा अबोल, कष्टाळू, शिवणात निपुण. म्हणजे असगरीचे बहुतेक गुण तिच्यात आहेत. राहत हा नात्यातला तरुण पाहुणा येतो आणि लग्नाच्या आशेने दागिने मोडून त्याला पराठे खाऊ घातले जातात. घरच्या बायका मात्र कोरडे तुकडे गिळतात. राहत पाहुणचार घेऊन निघून जातो, कारण त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले असते. क्षयाने खंगलेली कुब्रा मरते आणि ज्या चौकीवर लग्नाचे जोड बेतले गेले, तिथेच आई कफनाचे कापड बेतते.

कुब्रा ही पगार नसलेल्या घरातली असगरी आहे, असे मला वाटते. या घरात ‘पेशा’ उरलेला नाही, केवळ ‘पोश’ उरला आहे. नझीर अहमद ज्याला सद्गुण म्हणतात, तेच चुगताईंच्या कथेत गरिबी झाकण्याचे साधन होते.

गेल्या वर्षी वर्गात हा मुद्दा मांडला, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, म्हणजे अम्मी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू देत नाही, तसंच ना?” तिच्या वडिलांचे दुकान बंद पडून दोन वर्षे झाली होती. तासिका तत्त्वावर शिकविणारे आपले तरुण सहकारीही इस्त्रीचा शर्ट घालून येतात आणि मानधन केव्हा मिळणार, हे विचारायला संकोचतात. असगरी शिकविताना तिच्या घरात पैसा कोठून येतो, हे विद्यार्थ्यांना विचारावे. त्या मुलीचा अर्ज आम्ही दोघांनी मिळून भरला.