टपाली बुद्धिबळ: अचूकतेची किंमत

टपाली बुद्धिबळाच्या पाचव्या जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी 1965 ते 1968 अशी तीन वर्षं चालली. तिच्यातला अमेरिकेचा हान्स बर्लिनर आणि सोव्हिएत संघाचा याकोव एस्ट्रिन यांचा डाव आजही पटावर मांडावासा वाटतो. सुरुवात टू नाइट्स बचावाची. या बचावावर एस्ट्रिनचा अधिकार सर्वमान्य होता, आणि काळे मोहरे घेऊन बसलेल्या बर्लिनरने नेमकं तिथेच त्याला गाठलं. आठव्या खेळीची त्याची नोंद होती 4884.

भाषेची अडचण येऊ नये म्हणून टपाली खेळात घरांना आकडे असतात. आधी उभ्या ओळीचा, मग आडव्या ओळीचा. 48 हे काळ्या वजिराचं मूळ घर, 84 हे पांढऱ्या राजाच्या बाजूचं कडेचं घर. वजीर तिथे जाऊन उभा राहिला. दहाव्या खेळीला काळ्याचा उंट आणि घोडा दोघेही पांढऱ्या प्याद्यांच्या माऱ्यात होते. बर्लिनरने दोघांपैकी कुणालाच हलवलं नाही. त्याने लिहिलं 5554. मधलं प्यादं एक घर पुढे. घोडा गेला, पण पांढऱ्या राजासमोरची भिंत फुटली आणि हत्तींच्या अंतिम पर्वात काळ्याने डाव जिंकला. बर्लिनरने सोळा डावांत बारा विजय आणि चार बरोबऱ्या, म्हणजे 14 गुण मिळवले. दुसऱ्या क्रमांकापेक्षा तब्बल तीन गुण जास्त.

हा डाव घड्याळाच्या टिकटिकीत जन्माला येणं कठीण. आंतरराष्ट्रीय टपाली बुद्धिबळ महासंघाची स्थापना 1951ची, आणि पहिला जगज्जेता 1953 साली ऑस्ट्रेलियाचा सेसिल पर्डी. तेव्हाच्या नियमात दहा खेळ्यांना तीस दिवस मिळत आणि पत्राच्या प्रवासाचे दिवस त्यात धरले जात नसत. त्यामुळे एकेक स्पर्धा वर्षानुवर्षं चाले. तेराव्या स्पर्धेची अंतिम फेरी 1989 ते 1998 चालली. पूर्व जर्मनी हा देश 1990 साली नकाशावरून गेला, पण त्याच्या संघाला टपाली ऑलिंपियाडचं कांस्यपदक मिळालं 1995 साली. ओल्गा रुब्त्सोवा ही रशियन खेळाडू 1956 साली समोरासमोरच्या खेळात महिला जगज्जेती झाली आणि पुढे पहिली टपाली महिला जगज्जेतीही तीच ठरली. दोन्ही प्रकारांत जगज्जेतेपद मिळवणारी ती एकमेव व्यक्ती. हा सगळा इतिहास धीराचा आहे. एकाच स्थितीपुढे आठवडाभर बसण्याची तयारी ही इथली पहिली पात्रता होती.

आज ही पात्रता पुरेशी राहिलेली नाही. 2004पासून महासंघाचे डाव सर्व्हरवर होऊ लागले आणि कार्डं हळूहळू मागे पडली. त्याहून मोठा बदल संगणकाचा. टपाली स्पर्धेत संगणकाची मदत घेणं नियमाने मान्य आहे, आणि घरी बसलेल्या खेळाडूवर पहारा ठेवता येत नाही हे पाहता हा नियम प्रामाणिकच म्हणायचा. पटावर सात मोहरे उरले की स्थितीचा निकाल संगणकीय कोष्टकांतून काढता येतो, आणि त्याच्या आधारे दावाही करता येतो. परिणाम असा की जगज्जेतेपदाच्या फेऱ्या बरोबऱ्यांनी भरून गेल्या आहेत. बर्लिनरने बारा डाव जिंकले. आता एकदोन विजय मिळाले तरी खेळाडू शर्यतीत राहतो. कित्येकदा गुण समान होतात आणि अजिंक्यपद टायब्रेकच्या गणितावर ठरतं.

म्हणून खेळाडूंना दोष देणं अन्यायाचं होईल. संगणक ज्या स्थितीला उत्तम ठरवतो ती खरं तर अभेद्य कोंडी आहे, हे ओळखणारी नजर माणसाचीच असते. कोणती वाट महिनाभर खणायची हे आजही तोच ठरवतो. खुद्द बर्लिनर पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राकडे वळला आणि तिथे त्याने हायटेक हे बुद्धिबळ खेळणारं यंत्र घडवलं. यंत्र आणि माणूस एकमेकांचे वैरी नाहीत, हे त्याने स्वतःच्या आयुष्यातून दाखवलं. दोष आहे तो मोजपट्टीत. चूक शोधून जिंकायचं, यासाठी आखलेली स्पर्धा चूक जवळजवळ न करणाऱ्यांसाठी आपण तशीच चालवतो आहोत.

उपाय नवा नाही. चेकर्सच्या खेळाडूंपुढे हाच प्रश्न फार आधी उभा राहिला. डाव सारखे बरोबरीत सुटू लागले तेव्हा अमेरिकेत 1934पासून पहिल्या तीन खेळ्या चिठ्ठी टाकून ठरवायची पद्धत आली. चेकर्समध्ये अचूक खेळ झाला तर बरोबरीच होते, हे 2007 साली सिद्ध झालं; तरीही तो खेळला जातो. संगणकांच्या आपसातल्या स्पर्धांतही मुद्दाम असमतोल सुरुवाती निवडतात आणि प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवतात. जगज्जेतेपदाच्या अंतिम फेरीनेही हे स्वीकारावं. मूळ मांडणी सोडली तर परंपरा तुटेल, असा आक्षेप येईल. पण टपाली बुद्धिबळाची परंपरा सोंगट्यांच्या मांडणीत कधीच नव्हती. इतरांना जिथे वेळ पुरत नाही, तिथे आणखी खोल उतरून पाहणं ही ती परंपरा.

5554 नंतरची स्थिती माझ्यासमोर पटावर आहे. एस्ट्रिनला याहून चांगला बचाव होता का, यावर नंतरच्या विश्लेषकांनी खूप कागद खर्ची घातले. अशीच धगधगती स्थिती दोन खेळाडूंना द्या. आधी एकाने काळ्या बाजूने खेळावी, मग दुसऱ्याने. वर्षभराने जो जास्त खोल उतरला असेल, त्याला जगज्जेता म्हणताना टायब्रेकचं गणित मांडावं लागणार नाही.