हृदयाचा प्रतिध्वनी आणि एक अपुरे वाक्य

बालभारतीच्या २०१७ सालच्या नववीच्या विज्ञानात, ‘ध्वनीचा अभ्यास’ या पाठात, सोनोग्राफीने हृदयविकाराच्या झटक्यानंतरची हृदयाची अवस्था पाहतात, एवढे येते. मोजतात काय, ते राहून जाते. जालना तर पोलादाचे गाव. तिथल्या शिक्षकाला सुरुवात सोपी आहे. १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर व हर्ट्‌झ यांनी हृदयावर रोखले ते धातूतील दोष शोधायचेच यंत्र! पुढे साधी वजाबाकी. डाव्या निलयात १२० मिलिलिटर रक्त भरले, आकुंचनानंतर ५० उरले. बाहेर पडले ७०, म्हणजे सुमारे ५८ टक्के. ‘टूडी इको’च्या कागदावरचा ‘ईएफ’ तो हाच. मात्र हा आकडा चांगला असूनही ऱ्हुमॅटिक तापाने शाळकरी मुलाची झडप बिघडलेली असू शकते; तिची गळती डॉप्लर दाखवतो. पाठात त्याचे नावही नाही.